इलियड समजून घेताना

इलियड म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात. हेलनचं अपहरण, अकिलीसची टाच आणि तो प्रसिद्ध लाकडी घोडा. गंमत म्हणजे या तिन्हींपैकी एकही प्रसंग इलियडमध्ये घडत नाही! हेलन आहे, पण तिला ट्रॉयमध्ये येऊन बरीच वर्षं झालेली आहेत. घोड्याची हकीगत होमरच्याच नावावर असलेल्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, मागची आठवण म्हणून सांगितली जाते. आणि आईने लहानग्या अकिलीसला नदीत बुडवलं, तेवढी टाच कोरडी राहिली, ही गोष्ट तर फारच नंतरची. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडे सापडते. २००४ साली 'ट्रॉय' नावाचा सिनेमा आला, त्यात हे सगळं एकत्र बांधून दाखवलं होतं. सिनेमा बघून इलियड वाचायला घेणाऱ्याची मग पंचाईत होते. तो घोड्याची वाट बघत राहतो आणि पुस्तक संपून जातं.

मग इलियडमध्ये आहे तरी काय?

युद्ध दहा वर्षं चाललं असं मानतात. इलियडमधल्या घटना आहेत दहाव्या वर्षातल्या, आणि त्याही जेमतेम पन्नासेक दिवसांच्या. त्यातलं प्रत्यक्ष लढाईचं वर्णन तर चारच दिवसांचं. पंधरा हजारांहून जास्त ओळी आणि चोवीस सर्ग एवढ्यासाठी! आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात अख्खं रामायण सांगत नाही, एखादंच आख्यान लावतो. श्रोत्यांना मागचं-पुढचं ठाऊक असतं. होमरच्या श्रोत्यांचंही तसंच होतं. हेलन कशी आली, ट्रॉय कसं पडणार, अकिलीस कसा मरणार, हे सगळं त्यांना माहीत होतं. कवीने त्यातून एकच धागा उचलला, तो म्हणजे अकिलीसचा राग. मूळ ग्रीक काव्याचा पहिला शब्दच 'राग' या अर्थाचा आहे.

कथा थोडक्यात सांगते. ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस नावाची बंदिवान स्त्री काढून घेतो. भर सभेत अपमान झाला म्हणून अकिलीस लढाई सोडून आपल्या छावणीत जाऊन बसतो. त्याच्यावाचून ग्रीकांचे हाल होतात. मनधरणी करायला माणसं येतात, भेटी देऊ करतात, तरी तो ऐकत नाही. शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचंच चिलखत घालून लढायला जातो आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मारला जातो. आता अकिलीसचा राग दिशा बदलतो. तो हेक्टरला मारतो आणि त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटवतो. मग एका रात्री हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम शत्रूच्या छावणीत येऊन मुलाचा देह मागतो. अकिलीस तो देतो. हेक्टरला अग्नी दिला जातो आणि काव्य संपतं.

मी काही ग्रीक जाणणारी नाही. बी.ए. मराठी माध्यमातून केलं आणि जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ई. व्ही. रियू यांनी केलेलं १९५० सालचं इंग्रजी गद्य भाषांतर शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. कादंबरीसारखं ते पुढे सरकतं, त्यामुळे माझ्यासारखीला सोयीचं. नंतर रिचमंड लॅटिमोर यांचं १९५१ सालचं पद्य भाषांतर मिळालं. हे मूळ ओळींना धरून चालतं, आणि इथे मी अडखळले. अकिलीस आला की दरवेळी तो वेगवान पायांचा. छावणीत नुसता बसलेला असला तरी वेगवान पायांचाच! पहाट झाली की दरवेळी तिची बोटं गुलाबी. योद्धा चिलखत चढवतो त्याचं वर्णन, जेवण रांधण्याचं वर्णन, तेच ते पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या वर्गातल्या मुलीने असा निबंध लिहिला असता तर मी लाल शाईने गोल केले असते.

याचा उलगडा एका तरुण अमेरिकन अभ्यासकाने केला. त्याचं नाव मिल्मन पॅरी. १९२८ साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात त्याने दाखवून दिलं, की ही विशेषणं अर्थासाठी नेमून दिलेली नाहीत, ती वृत्तात बसणारे तयार तुकडे आहेत. ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढ्या मापाचा तुकडा कवी उचलतो. असे तुकडे एका माणसाने बसून घडवलेले नसतात. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांच्या तोंडी ते घासून तयार होतात.

पॅरी एवढ्यावर थांबला नाही. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात गेला. तिथे गुस्ले नावाचं तंतुवाद्य वाजवत लांबलचक वीरकथा गाणारे लोक अजून होते. त्याने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातला अव्दो मेजेदोविच नावाचा गायक निरक्षर होता. त्याने १९३५ साली बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य अनेक दिवस बसून सांगितलं. पाठ केलेलं नव्हे बरं का! कथा ठाऊक, तुकडे तयार, बाकी ओळ तिथल्या तिथे जुळवायची. त्याच वर्षी पॅरी अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला. त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याने पुढे काम चालवलं आणि १९६० साली ते पुस्तकरूपाने जगापुढे ठेवलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं जातं आठवलं. माझी आजी दळताना ओव्या म्हणायची. सुरुवातीचा चरण पुष्कळदा ठरलेला, पुढचा त्या दिवशीच्या मनाप्रमाणे. कधी माहेर, कधी पंढरी, कधी नुकतीच गावाला गेलेली लेक. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओवी कधी अडली नाही. इलियड अर्थातच कितीतरी मोठी, घडीव रचना आहे. पण कानाने ऐकायची वस्तू म्हणून ती हातात घेतली की पुनरुक्तीचा त्रास होत नाही. उलट पुढची ओळ जुळवेपर्यंत गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला मिळणारा तो विसावा आहे, हे ध्यानात येतं.

आता इतिहासाच्या शिक्षिकेला कुणीही विचारणार तो प्रश्न. माझ्या भाचीनेच विचारला होता. "आत्या, पण हे खरं घडलं का गं?"

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ हिसार्लिक नावाचं टेकाड आहे. ट्रॉय इथेच असावं असं तिथे राहणाऱ्या फ्रँक कॅल्व्हर्टला वाटत होतं, आणि टेकाडाचा काही भाग त्याच्या मालकीचा होता. १८६८ साली त्याची गाठ हाइनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याशी पडली. श्लीमानपाशी पैसा होता आणि होमरवर अढळ श्रद्धा होती. होमरचं ट्रॉय सगळ्यात खाली असणार असं धरून त्याने टेकाडाच्या मधोमध प्रचंड चर खणला. १८७३ साली सोन्याचे दागिने सापडले. त्याने त्यांना 'प्रायमचा खजिना' म्हणून जाहीर केलं आणि ऑटोमन सरकारला न कळवता ते देशाबाहेर नेले. पुढे कळलं, की तो खजिना प्रायमच्या मानलेल्या काळाच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचा आहे. टेकाडात एकावर एक अशा नऊ मुख्य वस्त्या निघाल्या. खजिना खालून दुसऱ्या थरातला होता. होमरच्या कथेशी जुळू शकतील असे थर वर होते, आणि तिथवर घाईने पोचताना श्लीमाननेच त्यातला बराच भाग खणून फेकून दिला होता! तो खजिना बर्लिनला गेला, १९४५ साली तिथून नाहीसा झाला आणि १९९३ मध्ये मॉस्कोत असल्याचं उघड झालं. आजही तो तिथेच आहे. एका शहराची लूट दुसऱ्याने करायची ही ट्रॉयची कहाणी अशी विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली म्हणायची.

श्लीमाननंतर ड्योर्पफेल्ड, १९३२ ते १९३८ मध्ये अमेरिकन कार्ल ब्लेगन आणि १९८८पासून जर्मन मानफ्रेड कोर्फमान यांनी तिथे शिस्तीने उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी ११८०च्या सुमारास तिथलं शहर जळालं, हे आता दिसतं. कुणी जाळलं, ते मात्र राखेवरून ठरत नाही.

दुसरा पुरावा आला तो हित्ती लोकांकडून. आजच्या तुर्कस्तानात त्यांचं मोठं राज्य होतं आणि त्यांचे मातीच्या विटांवर कोरलेले दस्तऐवज सापडले आहेत. त्यात विलुसा नावाच्या राज्याचा उल्लेख येतो. ट्रॉयचं दुसरं नाव इलिओस, आणि जुन्या ग्रीक उच्चारात ते विलिओस. म्हणजे विलुसा हेच ट्रॉय, असं बहुतेक अभ्यासक आज मानतात. इसवी सनापूर्वी १२८०च्या सुमारास हित्ती राजाने विलुसाच्या राजाशी तह केला. त्या राजाचं नाव अलाक्सांदू. आणि इलियडमध्ये पॅरिसचं दुसरं नाव आहे अलेक्झांड्रोस! हे वाचून कुणालाही उड्या माराव्याशा वाटतील. पण नावं जुळली म्हणजे माणूस तोच, असं इतिहासात धरता येत नाही. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस या वास्तुविशारदाने 'लिनिअर बी' ही लिपी उलगडली आणि ती भाषा ग्रीकच निघाली. त्या लेखांत वीरगाथा नाहीत, मेंढ्या, तेल, चाकं, मजूर यांचे हिशेब आहेत. त्यात अकिलीस आणि हेक्टर या धर्तीची नावंसुद्धा आहेत, पण ती साध्यासुध्या माणसांची.

मग इसवी सनापूर्वी १२००च्या आसपास ग्रीसमधले ते राजवाडे कोसळले. त्यांच्याबरोबर लिहिण्याची कलाही गेली. पुढची सुमारे चारशे वर्षं ग्रीसमध्ये कुणी लिहीत नव्हतं. फिनिशियन लोकांकडून घेतलेल्या अक्षरांनी ग्रीक पुन्हा लिहू लागले ते आठव्या शतकात, आणि इलियडला आजचं रूप आलं तेही त्याच्या आसपास किंवा जरा नंतर. मधल्या काळात जे टिकलं, ते तोंडी.

म्हणून इलियडमध्ये सगळ्या काळांची सरमिसळ आहे. दहाव्या सर्गात रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण येतं. अशी शिरस्त्राणं पुरातन थडग्यांत खरोखर सापडली आहेत, पण होमरच्या काळी ती वापरातून जाऊन शतकं लोटली होती. उलट काव्यातले वीर मृतांना दहन देतात, तर त्या जुन्या राजवाड्यांच्या काळात प्रामुख्याने दफन करत. रथ आहेत, पण गाणाऱ्याला रथाने लढायचं कसं याची नीट कल्पना उरलेली नाही. योद्धे रथातून येतात आणि खाली उतरून लढतात. घरातल्या गोधडीसारखंच हे झालं. पणजीच्या लुगड्याचा तुकडा, आजीच्या खणाचा, आईच्या साडीचा, सगळे एकाच टाक्यांत. त्या गोधडीवरून लग्नाची तारीख काढू नये. पण कापड खोटं नसतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की शहर खरं आहे, ते जळालं हेही खरं. एका बाईपायी दहा वर्षं युद्ध झालं याला पुरावा नाही.

पण ते कापड खरं कशाबद्दल आहे? माझ्या मते उत्तर काव्यातच आहे. हे काव्य ग्रीकांनी ग्रीकांसाठी गायलं. तरी त्यातला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस शत्रूपक्षातला आहे. सहाव्या सर्गात हेक्टर रणातून घटकाभर शहरात येतो. बायको अँड्रोमाकी त्याला परत जाऊ नको म्हणून विनवते. तिचा बाप आणि भाऊ अकिलीसनेच मारलेले आहेत. हेक्टर मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा तुरा बघून पोर घाबरतं आणि दाईला बिलगतं. आईबाप दोघंही हसतात. तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलतो. युद्धाच्या काव्यात, ऐन युद्धात, हे एवढंसं घर.

आणि मरणारे! दोनशेहून जास्त जण इलियडमध्ये नावानिशी मरतात. पुष्कळांच्या वाट्याला एकदोनच ओळी येतात, पण त्यात हा कुणाचा मुलगा, कुठल्या नदीकाठचा, नवीन लग्न झालेला की म्हाताऱ्या बापाचा एकुलता, हे सांगितलेलं असतं. ग्रीक असो वा ट्रोजन, कवी हा हिशेब दोघांचा सारखाच ठेवतो. इतिहासाच्या पुस्तकात 'दोन्ही बाजूंची मोठी हानी झाली' असं एक वाक्य असायचं. ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. इलियडमध्ये ते वाक्य एकेका माणसात मोडून दिलेलं आहे.

शेवटचा, चोविसावा सर्ग या सगळ्याचा कळस. प्रायम रात्री एका म्हाताऱ्या सेवकाबरोबर खेचरांच्या गाडीत खंडणी घालून निघतो. अकिलीसच्या छावणीत शिरून त्याचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्याही म्हाताऱ्या बापाला आठव, असं सांगतो. अकिलीसचा बाप दूर घरी आहे आणि अकिलीसला ठाऊक आहे, की आपण परत जाणार नाही. दोघं रडतात. एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. त्यानंतरची एक बारकी गोष्ट मला फार खरी वाटते. अकिलीस प्रेताला न्हाऊ घालायला सांगतो, पण प्रायमच्या नजरेआड. कारण मुलाला बघून म्हातारा संतापला, तर आपलाही तोल जाईल आणि आपण याला मारू, ही त्याला भीती आहे. म्हणजे राग गेलेला नाही. तो आता त्याच्यावर पहारा ठेवून आहे. मग तो म्हाताऱ्याला जेवायला लावतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? प्रायम अकरा दिवस मागतो. बाराव्या दिवशी पुन्हा लढू, लढावंच लागलं तर. अकिलीस कबूल होतो.

इथे एक घरातली गोष्ट सांगते. १९७१च्या युद्धात माझा मावसभाऊ पश्चिम सीमेवर गेला. त्याला अग्नी तिकडेच दिला. घरी आली ती काळी ट्रंक, त्यात त्याचे कपडे आणि मनगटी घड्याळ. काकांनी रीतीप्रमाणे सगळं केलं. मावशीने मात्र त्याच्या फोटोला शेवटपर्यंत हार घालू दिला नाही. "मी त्याला बघितलं नाही," एवढंच म्हणायची. कुणी समजूत घालायला गेलं की उठून आत जायची. मी तेव्हा विशीत होते. मला वाटायचं, देहाचं एवढं काय? माणूस तर गेलाच ना? प्रायम राज्य मागत नाही, युद्ध थांबवा म्हणत नाही, फक्त तो देह मागतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. मावशी तेव्हा नव्हती. असती तर तिला गोष्ट म्हणून नक्की सांगितली असती. तिला होमर कोण ते कळायची गरज नव्हती.

आपल्या महाभारतात स्त्रीपर्व आहे. गांधारी रणभूमीवर पडलेल्यांना बघते, शत्रूच्या मुलांसाठीही शोक करते. पण ते युद्ध संपल्यावर. इलियडमधला शोक युद्धाच्या मधेच आहे. कुणी जिंकलेलं नाही, कुणी सुधारलेलं नाही, बारावा दिवस उजाडायचाच आहे. हेक्टरसाठी तीन बायका रडतात, बायको, आई आणि शेवटी हेलन, जिच्यामुळे हे सगळं झालं असं म्हणतात ती. मग चिता, अस्थी, माती. इथे कवी थांबतो. पुढचा घोडा, पुढची आग, विजय, यांतलं काहीही त्याच्या श्रोत्यांना हवं असणारच. त्याने ते दिलं नाही. इलियड समजून घ्यायची असेल तर ती कुठे थांबते ते आधी बघावं, असं मला वाटतं.

कुणाला वाचायची असेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. दुसऱ्या सर्गात जहाजांची लांबच लांब यादी आहे, हजारावर जहाजं, तिथेच पुष्कळजण पुस्तक मिटतात. आधी सहावा सर्ग वाचा, मग चोविसावा. मग पहिल्याकडे या. विशेषणं मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. आणि मधे कुणी अनोळखी माणूस एका ओळीत मेला, तर त्याच्या बापाचं नाव तेवढं वाचून पुढे जा.